वाफेतलं मीठ

मामा, मिठाला वास असतो का?

हे मी तुम्हाला पहिल्यांदा विचारलं तेव्हा नववीत होते आणि शास्त्राच्या बाईंनी नसतो असं सांगितल्यामुळे माझा आवाज फार चढलेला होता. तुम्ही गावजेवणाच्या टोपावर वाकून, डोळे मिटून वाफ घेत होतात. तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "मिठाला नसंल गो. पण मीठ पडलं की कांद्याचा वास बदलतो. तो कळतो." मी घरी येऊन आईच्या आमटीवर तीन दिवस नाक धरून बसले. मला काही कळलं नाही, आईनं मात्र आमटीत केस पडतील म्हणून पाठीत एक घातला.

तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले. पोलादपूरच्या खालच्या शेतांत भात पोटरीला आलं आहे, मामी तुमची टोपी अजून खुंटीवरून काढू देत नाही, आणि मी पुण्याला परत आले आहे. रडून झालं आहे असं वाटतं आणि मग कोणीतरी शेजारी फोडणी घालतं. पण खरं सांगू, रडण्यापेक्षा माझ्या डोक्यात प्रश्नच जास्त येतात. तुमच्याकडूनच आलेली खोड आहे ही. महाडच्या स्टँडवर वेफर विकणाऱ्याला, केळी कच्ची घेता की अर्धी पिकलेली, तेल दिवसातून किती वेळा बदलता, असं विचारत विचारत तुम्ही आपली गाडी चुकवली होती. तुम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं. उत्तर मिळालं होतं ना.

म्हणून हे लिहिते आहे. काही विचारायचं आहे, आणि एक गोष्ट कबूल करायची आहे.

गेल्या पौषात तुम्ही डोळा दाखवायला माझ्याकडे आलात. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वर, वाई करत सकाळच्या एसटीनं आलात, आणि पिशवीत वालाचं पुडकं, तांदळाचं पीठ आणि मामीनं दिलेली सुकट. डॉक्टर म्हणाले डोळा छान आहे. बाहेर पडलो तर दुपारचा दीड वाजलेला. मी म्हटलं, थाळी खाऊ. तुम्ही म्हणालात, "थाळी मी घरी पण खातो. तू हापिसातल्या लोकांबरोबर काय खातेस ते दाव."

मी तुम्हाला त्या व्हिएतनामी दुकानात नेलं. दुकान म्हणजे काय, गाळाच तो, सहा टेबलं आणि लाल प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं. तुम्ही स्टुलावर बसलात, गुडघे हनुवटीला आले, आणि ह्यापेक्षा आपला पाट बरा असा निकाल देऊन टाकलात. मग देश कुठला ते विचारलंत. मी सांगितलं. तुम्हाला आठवलं, तिथं मोठी लढाई झाली होती, लहानपणी रेडिओवर ऐकलेलं. तिथं भात पिकतो का, हा पुढचा प्रश्न. पिकतो म्हटल्यावर तुम्ही समाधानानं मान हलवलीत, म्हणजे माणसं बरी असणार.

कसलं मटण, ते विचारलंत. कोंबडीच सांगितली होती मी. वाडगे आले तेव्हा तुम्ही हात लावला नाहीत. आधी पाहिलंत. पातळ, जवळजवळ पाण्यासारखा रस्सा, वर तेलाचे बारीक डोळे, खाली पांढऱ्या तांदळाच्या शेवया. शेजारच्या ताटलीत लिंबाची फोड, लाल मिरचीच्या चकत्या, लांब मोड आलेले मूग आणि हिरव्या पानांचा जुडगा. जांभळ्या देठाची एक काडी उचलून तुम्ही उजेडाकडे धरलीत आणि म्हणालात, तुळस. मी हसून म्हटलं, ही वेगळी तुळस, खायची. तुम्ही तिची मंजिरी चोळून पाहिलीत, "सब्जा हाय गो हा," म्हणालात, तरी ती काडी ताटलीच्या कडेला नीट निराळी ठेवलीत. कोंबडीत तुळस घालायची तुमची छाती झाली नाही.

मग तुम्ही तोंड वाडग्यावर नेलंत, डोळे मिटलेत, आणि मला विचारलंत, वास कसला येतो सांग.

मी खूश झाले. मामा माझी परीक्षा घेतायत. दालचिनी, म्हटलं. अजून? लवंग. अजून? ते फुलासारखं असतं ते. चक्रीफूल, तुम्ही नाव पुरवलंत. आल्याचा येतो का, कसा येतो, कच्च्याचा की भाजलेल्याचा? कांदा तेलात परतलाय की जाळावर धरलाय? मी पुन्हा पुन्हा नाक खाली नेत होते आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. जाळावरचा वाटतो, मी म्हटलं. तर तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "आपण निखाऱ्यात घालतो वाटणाला, तसाच. एवढ्या लांब कोणी शिकवला ह्यांना?"

शेवया काड्यांनी धरायला जमेनात. तुम्ही काड्या बाजूला ठेवून चमच्यानं शेवया खाल्ल्यात आणि मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून रस्सा तोंडाला लावलात. शेजारच्या टेबलावरच्या मुली बघायला लागल्या. मला लाज वाटली, आज त्या लाजेची लाज वाटते. तेवढ्यात आतला आचारी बाहेर आला, ठेंगणा, डोक्याला फडकं बांधलेला, हिंदी बोलणारा. तो म्हणाला, असंच पितात, बरोबर पिताय. झालं, तुम्हाला तेवढंच हवं होतं. तुम्ही उठून त्याच्याबरोबर आत.

मी दारात उभी राहून तुमची हिंदी ऐकत होते. "हम बी आचारी हाय. साडेतीनशे मान्स का खाना." तुम्ही त्याला नात्यातल्या एका लग्नातलं मटण सांगितलंत, पाचाडला गडाच्या पायथ्याशी एका जेवणाला चूल भिजली तेव्हा काय केलंत ते सांगितलंत. त्यानं त्याचा मोठा टोप दाखवला. हाडं सकाळपासून मंद आचेवर. तो दर थोड्या वेळानं लांब चमच्यानं रस्सा घेऊन चाखत होता, चमचा धुवून पुन्हा टांगत होता. तुम्ही ते बघत राहिलात. मग विचारलंत, सारखं काय चाखता?

त्याला प्रश्नच कळला नाही. चाखल्याशिवाय कसं कळणार? तुम्ही सांगितलंत, आमच्याकडे गावजेवणाला देवीला नैवेद्य दाखवायच्या आधी जीभ लावायची नाही. चुलीपाशी बसलेल्यानं तर नाहीच. पंचेचाळीस वर्षं वाफेवर मीठ ठरवतो. तो माणूस कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. मला अभिमान वाटला, मामा. मग तो म्हणाला की त्याचं काम सोपं आहे. तो मीठ थोडं कमीच ठेवतो. लिंबू, मिरची, खारं पाणी टेबलावर असतं. अर्धं तो करतो, अर्धं खाणारा करतो.

तुम्ही म्हणालात, "और चूक हुई तो किस की?"

"आधी मेरी, आधी आपकी," तो हसून म्हणाला.

तुम्ही हसला नाहीत. गॅसवर कांदा आणि आलं भाजत होतं, शेगडीच्या कडेला एक फडकं होतं. त्या फडक्याचा कोपरा जळायला लागला. घाण, घसा धरणारा वास. गल्ल्यावरची बाई ओरडली, मी तोंडाला ओढणी लावली, आचारी फडकं घेऊन नळाकडे धावला. आणि तुम्ही त्या धुरापासून हातभर अंतरावर, टोपावर वाकून, डोळे मिटून उभे होतात. चेहरा अगदी शांत. म्हणालात, "वा."

तेव्हा मला कळलं.

ज्या माणसाला दोन शेतं पलीकडे कोणाचा भात लागला ते कळायचं, त्याला कोपराजवळ जळणारं फडकं कळलं नव्हतं. मघाशी माझी परीक्षा चाललेली नव्हती. तुम्ही माझ्या नाकानं जेवत होतात.

रिक्षात मी विचारलं. तुम्ही बाहेर बघत म्हणालात, दोन वर्षं झाली, मोठा ताप आला होता ना, त्यात गेला वास तो आलाच नाही. मामीला? नाही सांगितलं. बाळूदादाला? चूल पेटवण्यापासून पंगत उठवण्यापर्यंत वीस वर्षं तुमच्या शेजारी बसणारा माणूस, त्यालासुद्धा नाही. मग दोन वर्षांची गावजेवणं कशी झाली? ओंजळीवर, तुम्ही म्हणालात. इतक्या मटणाला इतक्या ओंजळी खडा मीठ, हात विसरत नाही. वाफ नुसती दाखवायला घेतो.

आपलं भांडण तिथं सुरू झालं आणि संपलंच नाही. मी म्हटलं, गावकीला सांगा. तुम्ही म्हणालात, सांगितलं की दुसरा आचारी आणतील, भाड्याचा. मी म्हटलं, मग चाखा. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी काही अभद्र बोलले. मी हट्टाला पेटले. देवीला अळणी वाढलेलं चालतं आणि चाखलेलं चालत नाही, हा कुठला न्याय? आई नाही का मुलाला घास देताना ओठाला लावून बघत, गरम आहे का? तुम्ही म्हणालात, आई मोठी असते, मूल लहान. इथं उलटं आहे. ते मला अजून पटलेलं नाही. उतरताना तुम्ही एवढंच म्हणालात की हे तुझ्यापाशी ठेव. मी ठेवलं.

तुम्ही गावी परत गेल्यावर मी पुन्हा त्या दुकानात गेले होते, एकटी. आचाऱ्यानं विचारलं, बाबूजी कुठे आहेत. तो म्हणाला, त्यानंही दोन दिवस न चाखता करून बघितलं, जमलं नाही, गिऱ्हाईक तक्रार करायला लागलं. मी त्याला खरं सांगितलं नाही. तुम्ही तेव्हा होतात. फोनवर तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही किती हसलात.

आता चैत्राची गोष्ट.

गावजेवणाला मी येते दरवर्षी, आजोळ म्हणून, पण मी बाहेर भाकऱ्या थापणाऱ्या बायकांत बसते. टोपाजवळ पुरुषच. या वेळी तुम्ही मला आत बोलावलंत. नंदाला मसाला समजतो, बसू दे, म्हणालात. तुमच्यापुढे कोण बोलणार. मी बघत होते. मीठ आलं तेव्हा तुम्ही थांबलात. या वर्षी गावकीतल्या मंडळींनी खड्या मिठाची गोण आणलीच नव्हती, बारीक मिठाच्या पिशव्या आणल्या होत्या, स्वच्छ असतं म्हणून. तुम्ही बाळूदादाला विचारलंत, खडा मिळेल का. तो म्हणाला, आता कुठून, महाडला जाऊन येईस्तोवर पंगत बसायची वेळ होईल.

तुमच्या हाताला खड्याची ओंजळ माहीत होती. बारीक मीठ ओंजळीत दाटून बसतं, तेही तुम्हाला माहीत होतं. पण किती दाटून, ते जिभेनं कळतं नाहीतर नाकानं. तुम्ही अंदाजानं कमी केलंत. शेवटची ओंजळ हातात घेऊन टोपावर वाकलात, डोळे मिटलेत, वाफ घेतलीत. मग तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत. जरासंच. आणि ओंजळ आत सोडलीत.

त्यानंतर तुम्ही बाळूदादाला पत्रावळी मोजायला धाडलंत. पुजारी खोळंबलाय, नारळ देऊन येतो, म्हणालात, आणि मला सांगितलंत, "टोपाजवळ बस. उतू जाऊ देऊ नको." मटण कधी उतू जातं का, मामा?

मी एकटी राहिले आणि चाखलं.

हे माझं कबूल करणं. पळीनं घेतलं, हातावर ओतलं, चाखलं. खारट होतं, जीभ आखडेल इतकं. साडेतीनशे माणसं, देवीचं जेवण, आणि तुमची पंचेचाळीस वर्षं. मी चुलीवरच्या हंड्यातलं आधणाचं पाणी ओतलं, जादा काढून ठेवलेलं वाटण सगळं घातलं, बटाटे होते ते चिरून टाकले, आणि पुन्हा चाखलं. एकदा नाही, चारदा. शेवटी बरं लागलं तेव्हा घाईघाईनं झाकण ठेवलं. देवीची भीती वाटत होती म्हणून नाही. तुम्ही आत याल म्हणून.

तुम्ही आलात. झाकण काढलंत. रस्सा कड्यांपर्यंत वर आला होता, आंधळ्यालाही दिसला असता, आणि तुमचा डोळा तर नुकताच बरा झालेला. त्यात बटाटे, जे तुम्ही जन्मात मटणात घातले नाहीत. तुम्ही झाकण परत ठेवलंत आणि विचारलंत, "हात धुतलेस?"

हो, मी म्हटलं.

तुम्ही नैवेद्याचं पान स्वतः भरलंत, स्वतः देवळात नेलंत. मी मागून बघत होते. तुम्ही देवीपुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे होतात, की मला तसं वाटलं? पंगत उठल्यावर लोक तुमच्याबद्दल म्हणाले, आबाचा हात तो हातच, बटाटा काय मुरलाय. तुम्ही सुपारी कातरत होतात.

मला तेव्हापासून एकच प्रश्न आहे. तुम्हाला कळलं होतं का? कळलं नसेल, तर मी तुम्हाला फसवलं. उष्टं अन्न तुमच्या हातून देवीपुढे ठेवायला लावलं, जे तुम्ही आयुष्यात केलं नसतं. आणि कळलं असेल, तर तुम्ही माझ्याकरता आपला नेम मोडलात आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नव्हतं. फोनवर दर आठवड्याला बोलत होतो, पाऊस किती, डोळा कसा, आणि दर वेळी हे ओठांवर येऊन परत जायचं. पुढच्या वेळी समोरासमोर विचारू म्हटलं. मग मामीचा फोन आला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाळूदादा आला. ओटीवर बसला, चहा घेतला, टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला की पुढल्या चैत्राचं बोलायचंय. मी म्हटलं, आतापासून? तो म्हणाला, आबा चैत्रातच सांगून बसलाय, त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, गावकीत.

"काय सांगितलं?"

"माझं काय खरं नाय, पुढल्या साली नंदाला बोलवा. नि ती टोपाजवळ असंल तवा आत कोणी जायचं नाय. तिचं तिला बघू दे."

का, ते कोणी विचारलं नाही? विचारलं, बाळूदादा म्हणाला. तर तुम्ही म्हणालात, तिची रीत वेगळी आहे.

मी ओटीवरून उठून मागच्या दारी गेले आणि मोठ्यानं रडले, मामा. मामी आतून विचारत राहिली काय झालं. काय सांगणार होते? तुम्हाला माहीत होतं. झाकण काढायच्या आधीच माहीत होतं. नारळाचं निमित्त होतं, पत्रावळ्यांचं निमित्त होतं. मी फसवलं नव्हतं तुम्हाला. तुम्ही तुमची पंचेचाळीस वर्षं माझ्या जिभेवर सोडून देवळात जाऊन उभे राहिलात, आणि माझं पाप माझ्या एकटीचं राहू नये म्हणून पान स्वतः उचललंत. इतकी माया तुम्ही कधी तोंडानं बोलला असतात तर मी तुम्हाला चिडवून बेजार केलं असतं.

पण भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही मला आडोसा करून दिलात, कोणी आत येणार नाही अशी सोय करून ठेवलीत. मला आडोसा नको आहे. तुम्ही दोन वर्षं डोळे मिटून सगळ्यांदेखत वाफ घेत राहिलात, एकटे, कोणाला सांगता येईना. त्याचं मला किती वाईट वाटतं, ते मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं नाही, रिक्षात नुसती भांडत बसले. तसं लपून मला करायचं नाही. तुम्हाला आवडणार नाही हे. तरी ऐका.

तोंड धुऊन मी बाळूदादाकडे परत गेले. म्हटलं, येईन. पण दार उघडं राहील. मी चमचा घेऊन चाखणार आहे, देवीच्या आधी, सगळ्यांसमोर. विचारतील त्यांना चाखलं म्हणून सांगणार आहे. गावकीला चालत नसेल तर त्यांनी दुसरा माणूस बघावा.

बाळूदादानं चहाचा कप बाजूला सारला. मला वाटलं, आता उठून जाईल. मग त्यानं टोपी सारखी केली आणि म्हणाला, "चमचे दोन आण गो. एकटीनं शिव्या कशाला खातेस?"